पडद्यावरची पहिली मोहिनी आणि मुका राहिलेला नाच

सोलापूर जिल्ह्यात नाच म्हटला की आधी ढोलकी आठवते. पुणे रस्त्यावरच्या मोडनिंबची कलाकेंद्रे, सत्यभामाबाई पंढरपूरकरांची बैठकीची लावणी, त्याही आधी उत्तर पेशवाईतला सोलापूरचाच शाहीर राम जोशी. पण भारतीय चित्रपटात स्त्रीने पहिल्यांदा नाच केला तेव्हा त्यात तमाशाचा फड कुठेच नव्हता. ती मुलगी नाटक कंपनीतली होती: कमलाबाई कामत, लग्नानंतरच्या कमलाबाई गोखले.

दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही स्त्री मिळाली नाही. कलावंतिणींकडेही विचारून झाले, त्यांनीही नकार दिला. शेवटी तारामती केली ती अण्णा साळुंके यांनी. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. तिथे तेव्हा चित्ताकर्षक नाटक मंडळी आलेली होती आणि तिच्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला काम करत होत्या. फाळक्यांच्या पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. १९०० साली जन्मलेल्या कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या, पण लहानपणापासून नाटकात उभ्या राहत आल्या होत्या. प्रेक्षकांसमोर न बुजता, सांगितलेल्या जागी, सांगितले तसे पुन्हा पुन्हा करून दाखवण्याची सवय कंपनीने लावलेली होती. फाळक्यांना नेमके तेच हवे होते.

या कथेत नाच शोभेपुरता नाही, सगळे कथानक त्याच्यावरच उभे आहे. मोहिनी करील तसे भस्मासुर करत जातो आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. म्हणजे मोहिनीचा प्रत्येक हात लांबून, स्पष्ट आणि सुटा दिसला पाहिजे. एक हावभाव दुसऱ्यात मिसळला, की नक्कल कळत नाही आणि प्रसंगच फसतो.

आता हा नाच टिपणारे यंत्र पाहू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ चौकटींचा, म्हणजे एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकत, त्यामुळे कॅमेरा चालवणाऱ्याला सेकंदाला दोन फेरे एकसारखे द्यावे लागत. हात दमून फेरा मंदावला, की चौकटी कमी पडत आणि तोच तुकडा पडद्यावर धावू लागे. उलट हात घाईत असला, की नाच रेंगाळे. लय नाचणारीच्या पायात जितकी, तितकीच हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटात होती. जुनी रिळे २४ चौकटींच्या वेगाने दाखवली की माणसे तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचे कारण हेच: लय थेट दीडपट होते. तेव्हाचे लोक असे धांदरट नाचत नव्हते, एवढे लक्षात ठेवूनच ती पाहावीत.

उजेड उन्हाचा, तोही पांढऱ्या कापडातून गाळलेला. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू काळे येई, लालभडक इरकली लुगडे जवळजवळ काळे आणि निळे पांढुरके. रंगांच्या गावात राहणाऱ्या सोलापूरकराला यातली अडचण वेगळी सांगायला नको. कॅमेराही एका जागी ठोकलेला असे. नाचणारी दोन पावले पुढे आली तर पाय चौकटीबाहेर जात, बाजूला सरकली तर अर्धे अंग. कंपनीतल्या मुलीला रंगमंचाच्या कडा ठाऊक होत्या, म्हणून ही मर्यादा तिला सांभाळता आली.

फडातली नर्तकी इथे अडली असती असे आमचे मत आहे, आणि त्यात तिचा काही उणेपणा नाही. लावणीतली अदा शब्दावर येते आणि पाय ढोलकीला उत्तर देतो. एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू, सुती दोरीत ओवलेले, प्रत्येकामागे गाठ, म्हणजे दोरी तुटली तरी सगळी माळ ओघळत नाही. बांधायचे घोट्याच्या हाडाच्या वर: सैल राहिले तर हाडावर घासून कातडे सोलते, फार आवळले तर पाऊल बधिर होते. ढोलकीचेही तसेच. एप्रिलच्या कोरड्या उन्हात कातडे ताणून सूर चढतो, पावसाळी हवेत उतरतो, म्हणून पेटीच्या सुराशी ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. एवढी सगळी तयारी कानासाठी आहे, आणि मूकपटात कानच नव्हता. पडद्याशेजारी तबला-पेटी वाजे, पण ती चित्र बघून अंदाजाने. तालाची सम पावलावर पडेलच याची खात्री कुणालाच नसे. म्हणून मूकपटातला नाच हातांचा आणि गिरक्यांचा झाला.

१९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला. आवाजासाठी सेकंदाला २४ चौकटींचा वेग पक्का करावा लागला. हँडल गेले, मोटर आली आणि पावलाचा ठेका ढोलकीच्या थापेशी जखडता येऊ लागला. ढोलकीची लावणी पडद्यावर दणक्यात गाजली ती १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये, म्हणजे सोलापूरच्याच शाहिराच्या चरित्रातून. त्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर होत्या.

कमलाबाईंचे लग्न चित्ताकर्षक मंडळीतल्याच रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. वैधव्य लवकर आले. मुलांना त्यांनी नाटकांत कामे करून वाढवले, प्रसंगी पुरुष भूमिकाही केल्या. मुलांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले आणि लालजी गोखले तबलावादक. अभिनेते विक्रम गोखले हे कमलाबाईंचे नातू. मूकपटात सुरू झालेले त्यांचे काम बोलपटातही चालू राहिले, अगदी १९८० च्या ‘गहराई’पर्यंत. मे १९९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.