बाळाने रात्रभर झोपावं, हे ठरवलं कुणी?

"चार महिन्यांचा झाला तरी रात्री तीन-चारदा उठतो, काही प्रॉब्लेम तर नाही ना?" मुंबईत हा प्रश्न पीडियाट्रिशियनला विचारला जातो, मैत्रिणीला विचारला जातो, आणि रात्री अडीचला बाळाला खांद्यावर टाकून मोबाईललाही विचारला जातो. पोरं रात्री कायमच उठत आली आहेत, त्यात नवीन काही नाही. त्यांनी सलग झोपलंच पाहिजे हा हट्ट मात्र तसा अलीकडचा, आणि आपल्या शहरात तो आला गिरणीच्या भोंग्याबरोबर.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये साधारण पाचातला एक कामगार बाई होती. दहा तासांची पाळी, घरी तान्हं मूल. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करवली आणि १९२२ मध्ये तिचा अहवाल छापून आला, त्यात आकडा होता ९८ टक्के. म्हणजे गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती. बाळागोळी म्हणायचे तिला, बारीकशी गोळी, ती दिली की आई पाळीवर असेपर्यंत बाळ गुपचूप पडून राहायचं, भूक लागली तरी रडायचं नाही, आणि खरा धोका तोच, कारण न रडणारं बाळ दूधही मागत नाही आणि वाळत जातं. आता कुणी म्हणेल अडाणी होत्या बायका. अजिबात नाही. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लो नावाचं सिरप मिळायचं, दात येताना बाळाला शांत करायला, आणि त्यात चक्क मॉर्फिन, म्हणजे अफूतलंच द्रव्य, असायचं, ते बाटलीवर छापायची सक्ती व्हायला १९०६ चा कायदा यावा लागला. गरज दोन्हीकडे तीच होती, पोर झोपलं नाही तर आईचं उद्याचं काम बुडतं.

ह्याला पहिलं बरं उत्तर डॉक्टरांनी नाही, कायद्याने दिलं असं माझं मत. बाळंतपणाच्या पगारी सुट्टीचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये बाबासाहेब आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे.

चाळीतली रात्र कशी असायची तेही सांगायला हवं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात अख्खं कुटुंब आणि वर गावाहून आलेला कुणीतरी. जुन्या लुगड्याची झोळी वरच्या कडीला टांगलेली, तिच्या दोरीचं टोक आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, बाळ कुरकुरलं की डोळे न उघडता पाय हलवायचा, झोळी हलते, थांबली की परत पाय. नाहीच ऐकलं तर सासू उठायची, सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळायची, भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओवा शेकायला सांगायच्या. फार गोडवे गायला नकोत, पहाटे नळावर नंबर लावायला त्याच सुनेला जायला लागायचं. पण एकट्याने जागणं हा प्रकार कमी होता. मग घरोघरी ग्राइप वॉटर आलं, मूळचं १८५१ चं, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं, त्यात ३.६ टक्के अल्कोहोल असायचं जे तिकडे १९९२ मध्ये काढलं, त्यामुळे आपल्या आज्या "दिलं की छान झोपतं बाळ" म्हणायच्या त्यात तथ्य होतंच म्हणा. (आता पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगतात, जायफळही नको आणि गुटीही नको.)

तिकडे पुस्तकं वेगळंच सांगत होती. न्यूयॉर्कच्या डॉ. एमेट होल्टने १८९४ मध्येच लिहिलं की उगाच रडणाऱ्या बाळाला रडू द्या. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग तर चार-चार तासांनीच दूध, रात्री अजिबात नाही, या मताचे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या डॉ. स्पॉकचं पुस्तक आलं आणि जरा सैल झालं सगळं. १९८५ मध्ये बोस्टनच्या डॉ. फर्बरने थांबत थांबत जवळ जायची पद्धत सांगितली, म्हणजे बाळ रडलं की लगेच नाही, दर वेळी थोडं जास्त थांबून जायचं, आज ज्याला स्लीप ट्रेनिंग म्हणतात त्याचा मोठा भाग तिथलाच. हे सगळं बाळाची वेगळी खोली धरून लिहिलेलं. आपल्या वन बीएचकेमध्ये पाच मिनिटं रडू द्यायचं म्हटलं तर दुसऱ्या मिनिटाला आजी हॉलमधून आत येते आणि तिसऱ्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज.

सगळ्यात गंमत १९५७ च्या लंडनच्या अभ्यासाची, मूर आणि अको यांच्या. तीन महिन्यांपर्यंत ७० टक्के बाळं रात्री झोपायला लागतात असं त्यात निघालं आणि तेव्हापासून तो आकडा आईबापांच्या डोक्यावर बसलाय. पण त्यात रात्र धरली होती बारा ते पाच! दहाला झोपवलं, साडेअकराला उठून दूध प्यायलं आणि परत पाचला उठलं तरी ते बाळ पास. बरं, शरीराचं बघाल तर नवजात बाळाची झोपेची एक फेरी तासाभराचीच, आपली दीड तासाची, बाळाची निम्मी झोप हलकी, चुळबुळीची, आणि दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने जातातच. वजन वाढतंय, लघवी नीट होतेय, दिवसा खेळतंय, तर बहुतेक वेळा रात्रीचं उठणं आजार नसतो.

तिकडचे डॉक्टरही आता निदान सहा महिने बाळ आईबापाच्याच खोलीत ठेवा म्हणतात, फक्त बिछाना वेगळा आणि बाळ पाठीवर.

२०१७ मध्ये आपल्याकडे बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघर बंधनकारक झालं, कागदावर तरी. पण रजा संपते साधारण सहाव्या महिन्याला, आणि नेमकं तेव्हाच दात, माणसं ओळखणं, आई दिसली नाही की रडणं असं सगळं एकदम सुरू होतं, रात्री परत बिघडतात आणि सकाळची फास्ट लोकल काही थांबत नाही. बापाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, प्रायव्हेटमध्ये तसा कायदाच नाही, कंपनीने दिली तर दिली. त्यात बाळंतपण माहेरी झालेलं असलं की हा माणूस बाळाच्या रात्री पहिल्यांदा बघतो तेच मुळी तीनेक महिन्यांनी, आणि बायकोला विचारतो, "हा आजकाल रात्रीचा उठायला लागलाय का गं?"