करारावरची स्वाक्षरी आणि कराराचे अनुसमर्थन

एखाद्या देशाने आंतरराष्ट्रीय करारावर सही केल्याची बातमी आली की तो देश त्या कराराने बांधला गेला, असे सहज गृहीत धरले जाते. दोनच देशांमधल्या करारात ते पुष्कळदा खरे असते, कारण केवळ स्वाक्षरीने करार लागू करण्याचे उभय पक्ष ठरवू शकतात. मोठ्या बहुपक्षीय करारांत मात्र बहुधा स्वाक्षरीने संहितेला मान्यता आणि पुढे जाण्याचा इरादा व्यक्त होतो, तर बांधले जाण्याची अंतिम संमती अनुसमर्थनाने दिली जाते.

अनुसमर्थन म्हणजे संसदेची मंजुरी, हा आणखी एक गैरसमज आहे. संसदेची मंजुरी ही त्या देशाची अंतर्गत बाब असते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने अनुसमर्थन पूर्ण होते ते सरकारने आपले अनुसमर्थनपत्र, बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे, सुपूर्द केल्यावर. अमेरिकेतही सिनेट केवळ संमती देते आणि अनुसमर्थन राष्ट्राध्यक्ष करतात.

म्हणून स्वाक्षरी निव्वळ औपचारिक ठरते का? मुळीच नाही. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम १८ सांगते की, स्वाक्षरी करून अनुसमर्थन बाकी ठेवलेल्या राज्याने, पक्षकार न होण्याचा आपला इरादा स्पष्ट करेपर्यंत, कराराचा हेतू आणि उद्दिष्ट विफल करणारी कृत्ये टाळली पाहिजेत. या कर्तव्याचे वजन किती, हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या रोम संविधीच्या बाबतीत दिसले. अमेरिकेने ३१ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे स्वाक्षरीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सही केली आणि मे २००२ मध्ये महासचिवांना पत्र पाठवून, पक्षकार होण्याचा आपला इरादा नसून स्वाक्षरीतून कोणतेही कायदेशीर दायित्व उरत नाही, असे कळवले. स्वाक्षरीला काहीच अर्थ नसता, तर हे पत्र लिहिण्याची गरज पडली नसती.

क्वचित स्वाक्षरी याहूनही पुढे जाते. १९९४ च्या ऊर्जा सनद करारात, अनुसमर्थनाआधीच तात्पुरत्या अंमलाची तरतूद होती. रशियाने त्यावर सही केली, अनुसमर्थन कधीच केले नाही, तरीही २०१४ मध्ये लवादाने त्या तरतुदीच्या आधारे युकोस तेलकंपनीच्या भागधारकांना सुमारे ५० अब्ज डॉलर द्यावेत असा निवाडा रशियाविरुद्ध दिला. तो पुढे नेदरलँड्सच्या न्यायालयांत दीर्घकाळ लढवला गेला. पण वाटाघाटींच्या मेजावर सही करणाऱ्याने अशी कलमे किती बारकाईने वाचावीत, हे त्यातून कळते.

दोन्ही कृतींमधले अंतर सर्वांत ठळक दिसते ते सर्वंकष अणुचाचणी बंदी करारात. तो अमलात येण्यासाठी परिशिष्टात नावे दिलेल्या सर्व ४४ राज्यांचे अनुसमर्थन आवश्यक आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये सही केली, परंतु १९९९ मध्ये सिनेटने संमती नाकारली. चीनचेही अनुसमर्थन झालेले नाही. रशियाने २००० मध्ये केलेले अनुसमर्थन २०२३ मध्ये मागे घेतले, मात्र आपली स्वाक्षरी कायम ठेवली आणि त्यामुळे तो अमेरिका व चीन यांच्याच पंक्तीत, केवळ स्वाक्षरी केलेल्या राज्यांत, येऊन बसला.