रोही कुणाच्या घरची?

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला रोही ओळखायला पुस्तक लागत नाही. रात्रीतून हरभऱ्याचा फडशा पाडणारं ते घोड्याएवढं जनावर त्याच्या चांगलंच ओळखीचं असतं. हिंदी मुलखात हीच नीलगाय. प्राणिशास्त्राच्या दप्तरी मात्र तिचं नाव आहे बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. ग्रीक-लॅटिनची फोड केली तर बैल, हरीण, बोकड आणि उंट अशी चार जनावरं या एका नावात सापडतात! ‘बोकड-उंट’ हा भाग पीटर पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1766 मध्ये दिला, तर ‘बैल-हरीण’ फ्रान्सच्या ब्लेनव्हिलने 1816 मध्ये जोडलं.

नाव ठेवणाऱ्यांना हसण्याआधी नर रोही जवळून बघावा. निळसर राखाडी अंग, खुरांच्या वर पांढरे पट्टे, गळ्याखाली केसांचा झुपका, पुढून उंच आणि मागे उतरती पाठ. एवढ्या धिप्पाड देहावर शिंगं मात्र वीतभर. मादी तपकिरी आणि बिनशिंगी. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी भारतातून इंग्लंडला नेलेल्या नीलगाई पाळून पाहिल्या आणि 1771 मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. हा प्राणी गुरं आणि हरणं यांच्या मधला दिसतो, असं त्यांनी नोंदवलं. झुंजायच्या आधी नर पुढचे गुडघे टेकतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

हा घोळ एकट्या रोहीपुरता नाही. 1758 मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने आपल्या काळविटाला थेट शेळ्यांच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं आणि नाव दिलं काप्रा सर्व्हिकाप्रा. पालासने त्याला तिथून बाहेर काढून ‘अँटिलोप’ ही वेगळी प्रजाती केली. पुढे ही प्रजाती म्हणजे घरातला किरकोळ सामानाचा खण झाली. खोंडासारखं नाही, मेंढीसारखं नाही, बकरीसारखंही नाही? टाका अँटिलोपमध्ये. मराठीत आपण त्यांना कुरंग म्हणतो.

सांबर-चितळांपासून कुरंग वेगळे काढणं सोपं आहे. सांबराची शिंगं भरीव हाडाची, फाटे फुटलेली आणि दरवर्षी गळणारी. काळविटाचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढवलेलं पोकळ आवरण, आपल्या नखांच्याच द्रव्याचं. त्याला फाटे नाहीत आणि ते जन्मभर टिकतं. पण हीच शिंगं गाई-म्हशींना आणि शेळ्या-मेंढ्यांनाही असतात. म्हणजे हे सगळं एकच मोठं कूळ, गवादी कुळ. त्यातून पाळीव जनावरं आणि त्यांचे रानटी सोयरे वजा केले की जे उरतात ते कुरंग. वजाबाकीतून आलेला गट हा काही खरा वंश नव्हे.

डीएनए तपासल्यावर हे पक्कं झालं. गवादी कुळाच्या एका मोठ्या फांदीवर गाय, म्हैस, गवा आणि त्यांच्याच शेजारी रोही बसते. दुसऱ्या फांदीवर काळवीट, चिंकारा आणि शेळ्या-मेंढ्या. तिबेटच्या पठारावरचा, शहातूश लोकरीसाठी बेसुमार मारला गेलेला चिरूसुद्धा इथेच, तोही शेळ्या-मेंढ्यांना जवळचा. म्हणजे काळवीट रोहीपेक्षा बोकडाच्या अधिक नात्यातलं. लिनियस तितकासा चुकला नव्हता, आणि नीलगाईला गाय म्हणणारे लोक तर त्याच्याहून बरोबर निघाले. मला यात गंमत वाटते ती ही, की ‘कुरंग’ हे शास्त्रीय वाटणारं लेबलच सर्वांत कच्चं ठरलं.

रोहीचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आहे चौशिंगा. शेळीएवढा, लाजाळू, झुडपी रानात एकटादुकटा राहणारा. नराला चार शिंगं, पुढची जोडी तर कधी नुसत्या गाठींएवढी. मोठ्या रोहीशेजारी याला उभं केलं तर कुणीही नातं मान्य करणार नाही. पण दोघांच्या शिंगांवर काळविटासारखी वलयं नसतात, दोघांच्याही माद्या बिनशिंगी, आणि दोघंही ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून ढीग करतात. या घराण्याचे अनेक जीवाश्म शिवालिकच्या टेकड्यांत सापडले आहेत. आज उरलेत हे दोघेच, आणि दोघंही भारतीय उपखंडातले.

अमेरिकेतलं प्राँगहॉर्न तिकडच्या बोलीत अँटिलोपच, पण ते गवादी कुळातलंच नाही. त्याला जवळचा जिराफ.

घराणी लागली तरी जाती मोजण्याचा वाद मिटलेला नाही. सस्तन प्राण्यांच्या 2005 च्या प्रमाण यादीत गवादी कुळाच्या 143 जाती होत्या. 2011 मध्ये कॉलिन ग्रोव्ह्‌ज आणि पीटर ग्रब या प्राणिशास्त्रज्ञांनी त्या 279 केल्या. नवे प्राणी सापडले नव्हते, जात म्हणजे काय याची व्याख्या बारीक केली होती. अनेक संशोधकांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले, आणि ते मला रास्त वाटतात. थोड्याशा कवट्यांवरून जाती फोडल्या की लहान लहान कळपांना उगाच परस्परांपासून तोडून ठेवण्याचा धोका असतो.

आपल्या चिंकाऱ्याचंही असंच झालं. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये दख्खनमधल्या प्राण्यांची यादी करताना त्याला अँटिलोप बेनेटी हे नाव दिलं. नंतर बराच काळ तो पश्चिमेकडच्या गॅझेलांची, म्हणजे त्याच्यासारख्याच सडपातळ कुरंगांची, नुसती उपजात धरला गेला. आता त्याची स्वतंत्र जात मान्य आहे, गॅझेला बेनेटी. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयुरेश्वर अभयारण्यात तो आजही दिसतो. मात्र इराणपर्यंत पसरलेले त्याचे भाऊबंद त्याच्याच जातीचे की वेगळ्या, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.