वर्गातील क्ले ॲनिमेशन

क्ले ॲनिमेशन : न वाळणाऱ्या रंगीत मातीच्या आकृत्या किंचित हलवून किंवा त्यांचा आकार बदलून प्रत्येक बदलाचे एक छायाचित्र घ्यायचे आणि ती सारी छायाचित्रे ओळीने, वेगात दाखवून हालचालीचा आभास निर्माण करायचा, असे हे तंत्र. स्टॉप मोशन या मोठ्या कुळातील ही एक शाखा. बाहुल्या, कागदी कातरणे, आगकाड्या, फार काय प्रत्यक्ष माणसे वापरूनही स्टॉप मोशन करता येते. शाळांत ते कलेच्या तासाला, विज्ञानाच्या प्रकल्पासाठी आणि सुटीतील शिबिरांत वापरले जाते. पूर्वी यासाठी एकेक चौकट (फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र) टिपणारा फिल्म कॅमेरा लागत असे. आता एक मोबाइल पुरतो.

या मातीचा उगम शिक्षकाच्या गरजेतूनच झाला. इंग्लंडमधील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांना शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी अशी माती हवी होती, की जी दुसऱ्या दिवशीही मऊ राहील. १८९७ मध्ये त्यांनी प्लॅस्टिसिन तयार केले आणि १९०० पासून बाथजवळच्या बाथहॅम्प्टन गावी त्याचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. कॅल्शियमचे क्षार, पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्लासारखी मेदाम्ले हे त्याचे मुख्य घटक. त्यात पाणी नसल्याने ते वाळत नाही. महाराष्ट्रातील मुलांच्या ओळखीची शाडू माती इथे उपयोगाची नाही ती याच कारणाने. गणपतीच्या कार्यशाळेत शाडू उत्तम. पण तासाभरात तिचा वरचा थर सुकू लागतो आणि मूर्तीचा हात वाकवला की खांद्याशी भेग पडते. कणकेच्या गोळ्याचेही तेच. स्टेशनरीच्या दुकानात ‘क्ले’ म्हणून मिळणाऱ्या पट्ट्या घेतानाही ती तेल-मेणाची आहे, हवेत वाळणारी नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.

चित्रपटांत मातीच्या आकृत्यांना लोकप्रियता मिळवून देणाऱ्यांत ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचे नाव आधी घ्यावे लागते. पीटर लॉर्ड व डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळासोबत्यांनी तो १९७२ मध्ये सुरू केला. त्यांचा मॉर्फ हा तपकिरी मातीचा छोटा माणूस १९७७ मध्ये बीबीसीवरील मुलांच्या चित्रकलेच्या कार्यक्रमात प्रथम दिसला. टेबलावर वावरणारा, मनात आले की गोळा होऊन घरंगळणारा मॉर्फ हाच आजही वर्गासाठी सर्वांत चांगला नमुना आहे. त्याच स्टुडिओचे पुढचे, सेटची सारी गावे उभारणारे चित्रपट दाखवले की मुले हरखतात, आणि मग आपल्या बाहुलीकडे बघून हिरमुसतात.

महाराष्ट्राचा या कुळाशी संबंध जुना आहे. लंडनहून परतल्यावर १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून रोप वाढताना पडद्यावर दाखवले. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्याचा त्यात हेतू होता. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी निर्जीव काड्यांना हालचाल दिली. फाळके यांनी मातीला हात घातला नाही, पण एकेक चौकट टिपण्याची युक्ती तीच. अलीकडच्या काळात मुंबईत या माध्यमात जाहिराती झाल्या, आणि सुरेश एरियात यांच्या ‘टोकरी’ या मुंबईतच घडलेल्या स्टॉप मोशन लघुपटाला पासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ॲनिमेशनपटाचा मान मिळाला.

स्थिर चित्रे हलताना का दिसतात, याचे उत्तर म्हणून ‘दृष्टिसातत्य’ सांगण्याचा प्रघात आहे : डोळ्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते, म्हणून. हे उत्तर अपुरे आहे. नुसत्या प्रतिमा रेंगाळल्या तर त्या एकमेकींवर चढून राड होईल. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहाइमर यांनी १९१२ च्या संशोधनात दाखवले, की लागोपाठ दिसणाऱ्या दोन स्थिर खुणांमधून हालचाल जोडण्याचे काम आपली संवेदनयंत्रणा करते. वर्गात हे शिकवायला वेगळा प्रयोग लागत नाही. एकच चित्रमालिका सेकंदाला ४ आणि मग १२ चौकटींनी दाखवली की पुरते.

चित्रपटगृहातील चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. व्यावसायिक ॲनिमेशनमध्येही पुष्कळदा एक स्थिती दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ स्थिती. शाळेसाठी ८ ते १२ हा आकडा योग्य. १२ च्या हिशेबाने अर्ध्या मिनिटाला ३६० छायाचित्रे लागतात, हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवले की गोष्ट आपोआप आखूड होते. ते चांगलेच. शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेला वर्गातली माती पुरत नाही. अळीने पान खाल्ले आणि ती फुगली, एवढ्याला पुरते. खरे तर आकार बदलणे हे मातीचे बलस्थान. ज्या गोष्टीत काहीच बदलत नाही, नुसती पात्रे येऊन बोलतात, ती कागदी कातरणांत करावी. कष्ट निम्मे होतात.

बाहुली हातभर उंच करण्याचा मोह टाळावा. आठ-दहा सेंटिमीटर उंची, जाड पाय, मोठे तळवे आणि लहान डोके असेल तर ती स्वतःच्या पायावर उभी राहते. हात-पाय वारंवार वाकवायचे असतील तर आत ॲल्युमिनियमची मऊ तार पिळून घालतात. लोखंडी बाइंडिंग वायर वाकवताना माती फाडते. एप्रिल-मेच्या शिबिरांत माती इतकी मऊ होते की दुपारनंतर बाहुल्या गुडघ्यांत वाकतात. म्हणून तिथे चित्रण सकाळी उरकतात. रंग मिसळणे हा दुसरा त्रास. लाल माती मळलेल्या बोटांनी पांढरा ससा धरला की तो पाच मिनिटांत गुलाबी होतो. यावर उपाय म्हणजे आधी फिके रंग, मग गडद, आणि शेजारी ओले फडके. मिसळून करडी झालेली माती फेकू नये. बाहुलीच्या पोटात भरावी आणि वरून रंगाची साल चढवावी.

चित्रणात यश-अपयश ठरते ते कॅमेरा स्थिर आहे का यावर. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चवड आणि दोन रबरबँड चालतात, पण फोन एकदा बसवला की त्याला बोट लावायचे नाही. हेडफोनच्या वायरीवरील आवाजाचे बटण अनेक फोनमध्ये शटरचे काम करते, ते वापरावे. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर नेमका मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि सेट थरथरतो. पंखा बंद, खिडक्यांना पडदे किंवा कार्डशीट. ढग सरकला की उजेड बदलतो, आणि चित्रपटात तो लुकलुकाट होऊन दिसतो. ट्यूबलाइटही लुकलुकते, शटरवेग (एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो तो) हाताने ठरवता येत असेल तर तो १/५० सेकंदावर ठेवल्यास फरक पडतो. फोनचा आपोआप बदलणारा प्रकाश आणि फोकस दोन्ही लॉक करावे लागतात. स्टॉप मोशनच्या बहुतेक ॲपमध्ये आधीच्या चौकटीची फिकट छाया पडद्यावर दिसते. बाहुली किती सरकवायची याचा अंदाज तिच्यावरून येतो आणि धक्क्याने पडलेली बाहुली पूर्वीच्या जागी उभी करता येते.

पाच जणांचा गट सोयीचा. दोघे बाहुल्या हलवतात, एक शटर दाबतो, एक मोजतो आणि वहीत लिहितो, पाचवा सेट व उजेड सांभाळतो. शटरवाल्याने ‘हात बाहेर!’ म्हटल्याशिवाय फोटो नाही, एवढा एक नियम पाळला तर निम्म्या चुका टळतात. वर्गात चाळीस-पन्नास मुले आणि ३५ मिनिटांची तासिका असेल तर मात्र उभा सेट परवडत नाही; घंटा झाली की तो उचलावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी काही केल्या तसाच लागत नाही. अशा वेळी कॅमेरा वरून खाली रोखावा आणि आकृत्या पुठ्ठ्यावर आडव्या ठेवाव्यात. पडण्याची भीती नाही, उडणाऱ्या पक्ष्याला दोरा नको, आणि पुठ्ठा उचलून कपाटावर ठेवता येतो.

ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग विद्यापीठाच्या गॅरी होबन यांनी २००५ च्या सुमारास भावी शिक्षकांसाठी ‘स्लोमेशन’ ही पद्धत बसवली ती याच धाटणीची. त्यात सेकंदाला फक्त २ छायाचित्रे असतात, आकृत्या बहुधा आडव्या मांडलेल्या असतात आणि मागून विद्यार्थ्याचे निवेदन चालते. पेशीविभाजन, चंद्रकला, फुलपाखराचे जीवनचक्र असे विषय त्यात बसतात. हालचाल झटक्याझटक्याने होते, पण मुलाला गुणसूत्रांची प्रत्येक अवस्था हाताने मांडावी लागते आणि दोन अवस्थांच्या मधे काय होते हे ठाऊक नसेल तर पुढचा फोटोच घेता येत नाही. पाठ केलेली आकृती इथे कामी येत नाही.

असाच धडा पडणारा चेंडू देतो. मुले गोळा दर फोटोला समान अंतराने खाली आणतात आणि पडद्यावर तो लिफ्टने उतरल्यासारखा दिसतो. पडणाऱ्या वस्तूने समान काळात कापलेली अंतरे १ : ३ : ५ या प्रमाणात वाढतात. सेकंदाला १२ चौकटी धरल्या तर पहिल्या चौकटीत साधारण ३.४, दुसरीत १०.२, तिसरीत १७ सेंटिमीटर. म्हणजे ३० सेंटिमीटरचे पडणे तीन फोटोंत संपते. तीनच फोटो म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. चेंडू जमिनीला टेकतो त्या फोटोत तो थोडा चपटा केला की वजनही जाणवते.

संवाद असतील तर ते आधी ध्वनिमुद्रित करून सेकंदांत मोजावेत आणि मग तेवढे फोटो काढावेत. उलट केल्यास तोंड आणि शब्द जुळत नाहीत. प्रत्येक अक्षराला ओठ घडवण्याची गरज नाही. मिटलेले, अर्धे उघडे, गोल आणि रुंद अशी चार तोंडे वेगळी करून आलटून पालटून लावली तरी मराठी वाक्य बोलल्यासारखे वाटते. आवाज मात्र मधल्या सुट्टीत नोंदवू नये.

मूल्यमापनात एक अडचण नेहमीची. स्नेहसंमेलनात दाखवायचा म्हणून शिक्षकच घरी बसून चित्रपट सफाईदार करतात, वाकडे फोटो काढून टाकतात, तयार संगीत चढवतात. मग पडद्यावर दिसते ते काम कुणाचे, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा गटाची वही पाहावी : कोणत्या फोटोला काय हलवले, किती हलवले, कुठे परत मागे जावे लागले. काठाशी चुकून आलेले एखादे बोट चित्रपटात राहिले तरी हरकत नाही.