क्वी न्योनला जाताय? स्कूटर घेण्याआधी एवढं वाचा

"क्वी न्योनला स्कूटर घेऊ ना?" टूर नक्की झाल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गोव्यात घेतो तशी तिथेही घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. मध्य व्हिएतनाममधलं शांत शहर, समुद्राकाठचा मोकळा रस्ता, हॉटेलच्या दारातच उभ्या असलेल्या भाड्याच्या स्कूटर. तरीही आम्ही "नको" म्हणतो, आणि त्याचं कारण नीट सांगणं आमचं काम आहे.

आपलं आरटीओ जे आंतरराष्ट्रीय लायसन्स देतं ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलं. त्यामुळे फी भरून, रांगेत उभं राहून आणलेलं लायसन्स तिथे चालत नाही. स्कूटर देणारा बहुतेक वेळा लायसन्स बघतही नाही. बघतात ते पोलीस, आणि अपघात झाला तर विमा कंपनी. वैध लायसन्स नसताना गाडी चालवून झालेल्या अपघाताचा खर्च प्रवास विमा सहसा देत नाही. शिवाय तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, पण वळताना हात आपोआप डावीकडे जातो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पासपोर्टपायी. अनामत म्हणून अनेक दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतात. मग पोलिसांनी गाडी जप्त केली की ती काही दिवस सुटत नाही, गाडी मिळाल्याशिवाय दुकानदार पासपोर्ट देत नाही, आणि पासपोर्टशिवाय देशांतर्गत विमानातही बसता येत नाही. दोन तासांच्या फेरफटक्यासाठी पुढची सगळी बुकिंगं पाण्यात जातात. असा फोन आला तर आम्ही तिथल्या आमच्या माणसाला बोलायला पाठवतो, तिकिटंही बदलून देतो. पण जप्त झालेली गाडी सोडवणं आमच्या हातात नसतं. म्हणून कळकळीची विनंती आहे, पासपोर्ट कुणाकडेही अनामत ठेवू नका. हॉटेलने नोंदणीसाठी घेतला तर नोंद होताच मागून घ्या.

मग फिरायचं कसं?

शहरात ग्रॅब हे ओला-उबरसारखं अ‍ॅप व्यवस्थित चालतं, मोटारही येते आणि बाइकही. बाइकवर मागे बसलात तरी हेल्मेट सक्तीचं आहे, ते चालकच देतो. शहर सपाट आहे, त्यामुळे समुद्राकाठी सकाळी सायकल चालवायला फार छान वाटतं. काही हॉटेलं सायकल देतात, पोहोचल्यावर विचारून घ्या. शहरातल्या फिरण्याचे पैसे आम्ही लावत नाही, कारण त्यासाठी आमची गरजच नाही.

कोटेशनमध्ये गाडी असते ती शहराबाहेरच्या अर्ध्या अर्ध्या दिवसांसाठी. "ती काढून टाका, स्वस्त होईल," असं बरेच जण सांगतात. पण न्योन ली हे कोळ्यांचं गाव थी नाय पुलापलीकडे, वीसेक किलोमीटरवर आहे. एओ जिओचे समुद्रकाठचे कडे आणि की को किनाऱ्याचं निळं पाणी त्याच बाजूला. जायला ग्रॅब लगेच मिळते, यायला मात्र उन्हात ताटकळावं लागतं. बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर त्या तासाभरात सगळी मजा जाते. आमची गाडी थांबून राहते, भाडं त्याचंच आहे. दक्षिणेला दहाएक किलोमीटरवरच्या बाय सेप या किनाऱ्यालाही तोच प्रश्न येतो.

विमानतळ फू कॅटला, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर. दा नांगहून रेल्वेने येणाऱ्यांनी दिएउ त्री स्टेशनवर उतरायचं. शहर तिथून दहाएक किलोमीटर आहे. या दोन्ही ठिकाणी न्यायला गाडी येते, ती पॅकेजमध्येच धरलेली आहे.

आराम करायचा तर घड्याळ बदला

कोकण-गोव्याच्या सवयीने आपण समुद्रावर सूर्यास्त बघायला जातो. इथला किनारा पूर्वेकडे आहे, सूर्य समुद्रातून वर येतो. पहाटे पाच वाजता गावातली म्हातारीकोतारी माणसं पाण्यात उतरलेली असतात, आणि आपले पाहुणे नाश्त्यापर्यंत झोपलेले! निदान एक पहाट तरी उठाच. दुपारी ऊन कडक असतं, गावही विसावतं. तेव्हा खुशाल वामकुक्षी घ्या आणि चारनंतर पुन्हा किनाऱ्यावर जा. तीन रात्रींच्या मुक्कामात एक पूर्ण दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवतो. तो भरून द्या असा आग्रह कृपया करू नका.

त्या मोकळ्या दिवशी काही बघावंसं वाटलंच तर शहरातच थाप दोय हे जुळे मनोरे आहेत, या भागात पूर्वी राज्य करणाऱ्या चाम लोकांनी बांधलेले. चाम राजांची विजय ही राजधानी याच भागात होती, १४७१ मध्ये ती पडली. हे राजे शिवभक्त होते. विटांच्या त्या मनोऱ्यांसमोर आपल्या माणसाला परकं वाटत नाही, हे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

शाकाहारी मंडळींनी "कॉम चाय" अशी पाटी असलेली खानावळ शोधावी. इतरत्र भाजीतही माशांचा सॉस पडतो. पैसे देताना २० हजार आणि ५ लाख डाँगच्या नोटा नीट बघून द्या, दोन्ही निळसर असतात.

कधी जावं?

मार्च ते ऑगस्ट. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिथे ऐन पावसाळा असतो. समुद्र खवळतो, की कोच्या बोटी बंद राहतात, २०२५ च्या नोव्हेंबरात काल्मेगी वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. म्हणून दिवाळीत आम्ही क्वी न्योनचं बुकिंग घेत नाही, दुसरा किनारा सुचवतो.

बुकिंगला येताना बरोबर कोण कोण आहे, कुणाला पायऱ्या चढायला त्रास होतो का, आणि कुणाला मासे चालत नाहीत, एवढं सांगा. एओ जिओला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिथला वेळ आम्ही बाय सेपला देऊ, गाडीचं भाडं वाढणार नाही.