रोगजंतूंच्या जिनोमवर पीएचडी: पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रं

रोगजंतूंचा जिनोम, म्हणजे त्यांचा सगळा जनुकीय मजकूर, संगणकाच्या मदतीने अभ्यासायचा तर विषय बायोइन्फर्मेटिक्स. त्यात पीएचडी करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांची समजूत असते, की जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली म्हणजे प्रवेश झाला. तसं नाही. जेआरएफ ही फेलोशिप, म्हणजे दरमहा मिळणारे पैसे. प्रवेश संशोधन संस्था किंवा विद्यापीठाचा विभाग देतो आणि पदवीसाठी नोंदणी विद्यापीठ करतं. तिन्हींचे अर्ज वेगळे, तारखाही वेगळ्या. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सोपं जातं.

कोण अर्ज करू शकतं

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालेल्यांना एमएस्सीशिवायही थेट पीएचडीला अर्ज करता येतो. हा दरवाजा बीटेकवाल्यांच्या फारसा लक्षात येत नाही.

विषयाचं म्हणाल तर बायोइन्फर्मेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी हे सहज चालतात. कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी मात्र त्या-त्या संस्थेची जाहिरात बारकाईने वाचावी, कारण ‘संबंधित विषय’ कोणते हे संस्था ठरवते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते, पण कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं.

परीक्षा

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) नेट या पात्रता परीक्षेत बायोइन्फर्मेटिक्स हा स्वतंत्र विषय नाही. लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा लागतो. २०० गुण, तीन तास. त्यातले १०० गुण एकट्या ‘सी’ भागाला: ७५ प्रश्नांतले कोणतेही २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. त्यामुळे सगळा अभ्यासक्रम थोडा थोडा चाळण्यापेक्षा निवडक घटक खोलवर केलेले बरे. निकालात तीन गट असतात. जेआरएफवाल्यांना प्रवेशासाठी फक्त मुलाखत द्यावी लागते. ‘सहायक प्राध्यापक व पीएचडी’ आणि ‘फक्त पीएचडी’ या गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी ही परीक्षा फेलोशिपची दुसरी वाट. हिच्या पहिल्या यादीतली फेलोशिप देशातल्या कुठल्याही मान्य संस्थेत नेता येते. गेट या परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) डेटाबेस, फायलोजेनी (जिवांची वंशावळ) हे घटक आहेतच. विद्यापीठांची ‘पेट’ ही पीएचडी प्रवेश परीक्षा वेगळी. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे, घरभाडं त्याशिवाय.

अर्ज कुठे

या विषयासाठी पुण्यासारखं ठिकाण नाही, असं माझं स्पष्ट मत. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि पुणे विद्यापीठाचं १९८७ पासूनचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र, सगळं एकाच शहरात. कोविडच्या जिनोम तपासणीसाठी डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या इन्साकॉगच्या पहिल्या दहा प्रयोगशाळांपैकी दोन पुण्याच्याच होत्या. बाहेर जायचं तर हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र), दिल्लीची आयजीआयबी (जिनोमिक्स), चंडीगडची इमटेक (सूक्ष्मजीव तंत्रज्ञान). एनसीएलसह या तिन्ही सीएसआयआरच्या. इथे पदवी ॲक्सर (शास्त्रीय व नवोन्मेषी संशोधन अकादमी) देते आणि अर्जही ॲक्सरच्याच पोर्टलवर, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रासाठी.

अर्जाआधी गाइडला मेल टाका. त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, हा पहिला प्रश्न. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.

कागदपत्रं

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट किंवा गेटचं प्रमाणपत्र, आधार, फोटो ही यादी सगळ्यांना ठाऊक असते. अडतं ते पुढच्या गोष्टींवर. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं. स्वतः गणित करून टाकलेला आकडा छाननीत उडतो. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट.

सर्वांत जास्त गोंधळ जातीच्या दाखल्यात होतो. केंद्रीय संस्थेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्यांना मुदत असते, म्हणून सेतू केंद्रात जाहिरात येण्याआधीच जाऊन या.

संशोधन आराखडा

‘क्षयाच्या जंतूच्या जिनोमचा अभ्यास’ असं लिहिलेला आराखडा मुलाखतीत टिकत नाही. क्षयाच्या जंतूचा जिनोम सुमारे ४४ लाख बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा आहे. एच३७आरव्ही या प्रमाण वाणाचा १९९८ मध्येच वाचून झाला. मग तुमचा प्रश्न काय? आरपीओबी जनुकातल्या कोणत्या बदलांमुळे रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध निकामी ठरतं, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्यापलीकडे काय शोधणार, ते एका परिच्छेदात लिहा. डेटा कुठून येणार, हेही लिहा. सार्वजनिक संग्रहात सिक्वेन्स ढिगाने मिळतात, पण नमुना कुठला, कोणत्या वर्षीचा, औषध-चाचणीचा निकाल काय, ही माहिती सोबत नसेल तर त्यांचा उपयोग फारसा नाही. पॅनेल नेमकं इथेच बोट ठेवतं.

रुग्णांचे नमुने वापरणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. थुंकीच्या नमुन्यातून थेट सिक्वेन्सिंग केलं की रुग्णाचा स्वतःचा डीएनएही डेटात येतो, तो गाळायची सोय आराखड्यात दाखवा. परदेशी संस्थेबरोबर आरोग्य संशोधन असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. त्यात महिने जातात.

प्रवेशानंतर

आधी १२ ते १६ क्रेडिटचा कोर्सवर्क, मग सल्लागार समितीपुढे आराखडा आणि मंजुरी. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. महिलांना २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही आहे.

जेआरएफ न मिळालेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या ठरावीक समाजघटकांसाठीच्या राज्य संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींत पीएचडीच्या नोंदणीची तारीख पाहिली जाते, तेव्हा विद्यापीठाचं नोंदणी पत्र हाती येताच त्यावरची तारीख आणि गाइडचं नाव तपासून घ्या. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.