'जस्टिस'मधला बेस गेला कुठे?

सोळाव्या वर्षी मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम पाठ केलेली मंडळी पन्नाशीला टेकल्यावर भारी हेडफोन लावून पुन्हा ऐकायला बसतात आणि पहिल्याच गाण्यात अडखळतात: बेस गिटार (खालचे, जाड सूर वाजवणारी) कुठे आहे? हेडफोनची चूक नाही. अल्बम १९८८मध्ये आला तेव्हापासूनच त्यात बेस जवळजवळ ऐकू येत नाही.

२७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बस उलटून बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. महिन्याभरात जेसन न्यूस्टेड आला. नव्या भिडूची बाकीच्यांनी केलेली रॅगिंग मिक्सिंगपर्यंत (सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवण्यापर्यंत) पोचली, असं चाहते सांगतात. रॅगिंग झाली हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही.

बर्टन बोटांनी वाजवायचा आणि गिटारला सोडून स्वतःची वाट काढायचा. न्यूस्टेड पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवायचा, गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफील्डच्या रिदम गिटारच्या सुरावर सूर ठेवून. लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत सहायक इंजिनिअर टोबी राइटला घेऊन न्यूस्टेडने आपले ट्रॅक बँडशिवाय एकट्यानेच उरकले. दोन वाद्यं तीच ओळ वाजवत असली की कान त्यांना वेगळं काढत नाही. त्यात हेटफील्डचा टोन: मधल्या सुरांचा भाग खरवडून काढलेला, खाली धप्प, वर करकरीत. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, गिटारची ८२ची. पण बेसचं अंग भरतं ते ८० ते २०० हर्ट्झमध्ये, आणि तिथे गिटार आधीच पथारी पसरून बसलेली.

मिक्सिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांच्याकडे. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन तिथे नव्हता. बँड दौऱ्यावर होता. हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उल्रिक मधल्या सुट्यांत विमानाने येऊन ऐकायचे. रोज स्टेजवर बधिर झालेल्या कानाला वरचे सूर कमी लागतात, म्हणून तो तेच वाढवून मागतो. थॉम्पसनच्या सांगण्यानुसार लार्सने बेस जेमतेम ऐकू येईल इतका उतरवायला लावला आणि मग आणखी पाच-सहा डेसिबल खाली. सहा डेसिबल म्हणजे सिग्नल निम्मा.

    

घरी इक्वलायझरवर ६० हर्ट्झ चढवून बेस परत येत नाही. वर येतो तो किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). १५० हर्ट्झ चढवला तर गिटारचा गाळ. वाद्यं सुटी मिळाली तरच काम होतं. 'गिटार हीरो'सारख्या गेममधून काही गाण्यांचे ट्रॅक सुटे मिळाले, तेव्हा चाहत्यांनी बेस वर आणलेली मिक्सं केली. २०१८च्या अधिकृत रीमास्टरमध्ये (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने साफ केलेल्या आवृत्तीत) मात्र बँडने मूळ मिक्सला हात लावला नाही. ते योग्यच केलं, पण सोबत एक पर्यायी मिक्स द्यायला काय हरकत होती?

मूळ रेकॉर्डवर न्यूस्टेडला शोधायचं असेल तर 'वन' या गाण्याची सुरुवात ऐका. गिटार स्वच्छ आहे तोवर खालून त्याचा सूर थोडा तरी लागतो. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला, करकरीत आवाज) आलं की गडप.